समोरचा वारा आणि तिरके शीड



या व्याख्यानमालेचे आजचे पुष्प गुंफायला आपण मला राहात्याला बोलावले आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमता, ते शाळेत विज्ञान शिकवत. म्हणून विषय निवडताना ठरवले की भौतिकशास्त्रातला एकच प्रश्न घ्यायचा आणि तो तडीस न्यायचा. प्रश्न असा: वारा ज्या दिशेकडून येतो आहे त्याच दिशेकडे, त्याच वाऱ्याच्या बळावर, शिडाची होडी जाते कशी?

समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी पावणेदोनशे किलोमीटर लांब आहे. आपले पाणी गोदावरीच्या उजव्या कालव्याचे, आणि कालव्यात कोणी शीड उभारत नाही. वारा मात्र आपला आणि समुद्राचा एकच आहे. जून-जुलैत अरबी समुद्रावरून येणारा जो वारा कोकणातल्या होड्या किनाऱ्याला लावून ठेवतो, तोच घाट चढतो, पाऊस बहुतेक तिकडेच टाकतो आणि आपल्या पेरूच्या बागांतून कोरडा निघून जातो. त्या वाऱ्याचे एक अंग आपण कधी पाहिलेले नाही, ते आज पाहू.

पाठीमागून वारा आला की होडी पुढे जाते, हे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. कापड वारा अडवते, वारा कापडाला ढकलतो. सगळी अडचण या ढकलण्याच्या कल्पनेत आहे. ढकलणेच खरे असते, तर होडी फार तर वाऱ्याइतकी धावली असती, त्याच्या पुढे कधीच गेली नसती, आणि वारा नेईल तिकडेच गेली असती. प्रत्यक्षात चांगली होडी पाठीवरच्या वाऱ्यापेक्षा आडव्या वाऱ्यात जास्त वेगाने धावते. अमेरिका कपच्या शर्यतीतल्या आजच्या होड्या वीस नॉटच्या आतबाहेरच्या वाऱ्यात कधी कधी ५० नॉटच्याही पुढे जातात. वाऱ्याच्या दुपटीहून अधिक हा वेग ढकलण्याच्या हिशोबात कुठेच बसत नाही. तेव्हा ढकलणे बाजूला ठेवू आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू.

मोटारसायकलवर मागे बसलेले असताना तळहात जमिनीला समांतर धरा. फारसे काही होत नाही, वारा वरून आणि खालून निघून जातो. आता अंगठ्याकडची कड किंचित उचला. हात मागे लोटला जाईल अशी आपली अपेक्षा असते, आणि थोडा लोटला जातोही. पण त्याहून किती तरी जोराने तो वर फेकला जातो. वारा समोरून आला आणि बल जवळजवळ काटकोनात लागले. तळहाताने हवेला खाली वळवले. हवा खाली गेली म्हणून हात वर गेला. न्यूटनच्या तिसऱ्या नियमापलीकडे इथे काही लागत नाही.

शीड हेच काम उभ्याने करते. येणाऱ्या वाऱ्याशी शिडाचा कोन पंधरा-वीस अंशांचा ठेवला, की हवा शिडाच्या दोन्ही अंगांना धरून वाहते आणि मागच्या कडेशी सुटताना शिडाच्या वळणाप्रमाणे वळूनच बाहेर पडते. आतल्या पोकळ अंगाला दाब थोडा वाढतो, बाहेरच्या फुगीर अंगाला तो बराच उतरतो. दाबाच्या या फरकामुळे शिडाला जी ओढ लागते ती वाऱ्याला साधारण काटकोनात असते. कोन फार वाढवला, तर फुगीर अंगावरची हवा शीड सोडून देते, भोवरे पडतात आणि ओढ कमी होते. कोन फार कमी केला, तर पुढची कड फडफडू लागते. जाणता खलाशी शिडाची दोरी सैल सोडत जातो, कड फडफडायला लागली की इंचभर ओढून घेतो आणि तिथे थांबतो. सगळे गणित त्या इंचभर दोरीत आहे.

इथे एका चुकीच्या स्पष्टीकरणाविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण ते अजूनही शिकवले जाते. फुगीर बाजूची वाट लांबची, दुसऱ्या बाजूची जवळची. दोन्हीकडची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचली पाहिजे. म्हणून फुगीर बाजूची हवा जास्त वेगाने जाते आणि बर्नुलीच्या नियमाप्रमाणे तिथला दाब उतरतो, असे ते स्पष्टीकरण. बर्नुलीचा नियम खरा आहे. पण एकाच वेळी पोचण्याची अट कुठून आली? वाटेत वेगळे झालेले हवेचे दोन कण पलीकडे पुन्हा भेटलेच पाहिजेत, असा निसर्गात कोणताही नियम नाही. शिवाय शीड हे पातळ कापड. त्याच्या दोन्ही बाजूंची लांबी सारखीच असते. या हिशोबाने शिडाला ओढ लागताच कामा नये. केंब्रिज विद्यापीठातले होल्गर बाबिन्स्की यांनी पंखाच्या आकाराभोवती धुराच्या रेषा सोडून त्याचे चित्रण केले आहे. त्यात वरच्या बाजूचा धूर खालच्या बाजूच्या धुराच्या स्पष्टपणे आधी मागे पोचलेला दिसतो. समोर बसलेल्या शिक्षक मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे: हवेला वळवले म्हणून बल लागले, इथून सुरुवात करा. वेग आणि दाब यांचे गणित त्याच्या मागून बरोबर येते. मुलांच्या डोक्यात एकदा बसलेली खोटी अट पुढे पदवीपर्यंत निघत नाही.

आता आकडे घेऊ, कारण त्यांच्याशिवाय या प्रश्नाचा खरा चमत्कार दिसत नाही. सहा-सात मीटर लांबीची होडी घ्या, शीड वीस चौरस मीटरचे. वारा सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी २९ किलोमीटर. होडीचे पुढचे टोक, म्हणजे नाळ, वाऱ्याच्या दिशेपासून ४५ अंशांवर आहे आणि होडी सेकंदाला अडीच मीटर वेगाने चालली आहे. ती स्वतःच वाऱ्यावर चालून जाते आहे, म्हणून तिला लागणारा वारा ८ मीटरचा राहत नाही. दोन्ही वेग त्यांच्या दिशांसकट मिळवले की तो सेकंदाला १० मीटर होतो आणि ४५ ऐवजी ३५ अंशांवरून, म्हणजे जास्त समोरून येतो. या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे सहा किलो वजनाइतका असतो. शिडाचा आकार त्यातून साधारण १.२ पट ओढ काढतो. वीस चौरस मीटरांची एकूण ओढ दीडशे किलोंच्या घरात जाते.

ही ओढ होडीच्या दिशेने नसते. तिचे दोन घटक पाडले, तर होडीला पुढे नेणारा घटक पन्नास-साठ किलोंचा आणि होडीला आडवे लोटणारा घटक सव्वाशे-एकशे तीस किलोंचा निघतो. म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जाऊ पाहणाऱ्या होडीचे शीड तिला पुढे नेण्यापेक्षा दुपटीहून जास्त जोराने बाजूला फेकत असते. शिडापाशी थांबलो, तर कोडे सुटत नाही, उलट अवघड होते. एवढा आडवा जोर लागत असताना होडी आडवी का जात नाही?

उत्तर पाण्याखाली आहे. होडीच्या तळाशी मधोमध, नाळेपासून मागपर्यंत एक लांब कणा असतो. लाकडी नावा बांधणारे त्याला पठाण म्हणतात. आजच्या शर्यतीच्या होडीत तिथे खोल उतरणारे उभे पाते असते, त्याला कील म्हणतात. शीड हवेत जे करते तेच कील पाण्यात करते. होडी नाकासमोर चाललेली दिसते, पण ती सरळ जात नाही. ती चार-पाच अंश वाऱ्याखाली घसरत असते. त्या घसरणीमुळे पाणी किलीवर थोडे तिरके येते, कील त्याला वळवते आणि वळवण्यातून उलट्या बाजूचे बल मिळते. होडी मुळीच घसरली नाही, तर कील काहीच करणार नाही. थोडी घसरण ही वाऱ्याविरुद्ध जाण्याची अटच आहे.

आता किलीचा आकार काढू. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन. सेकंदाला अडीच मीटर या सावकाश वेगानेही पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सव्वातीनशे किलोंच्या आसपास भरतो. शिडावर तो सहा किलो होता. चार-पाच अंशांच्या घसरणीतून कील या दाबाचा तिसरा हिस्सा वापरू शकते. मग एकशे तीस किलोंचा आडवा जोर पेलायला सव्वा चौरस मीटरचे पाते पुरते. वर वीस चौरस मीटरचे शीड आणि खाली एखाद्या लहान टेबलाएवढी कील, दोघे एकमेकांना तोलून धरतात. आडवे घटक एकमेकांना खाऊन टाकतात आणि पुढचे पन्नास-साठ किलो उरतात. ते होडीला ओढतात.

सीताफळ खाताना ओली बी अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत दाबली की ती सटकन पुढे उडते. अंगठा तिला पुढे ढकलत नाही, बोटही ढकलत नाही. दोन तिरके दाब, आणि निसटायला मोकळी एकच दिशा. होडी वारा आणि पाणी यांच्या अशाच चिमटीत सापडलेली असते.

आपण मघापासून या टेबलाकडे पाहत आहात, तेव्हा आता त्यावरचा एक प्रयोग करू. हा साधा टेबलफॅन. ही खेळण्यातली चार चाकांची हलकी गाडी. तिच्या मधोमध बांबूची काडी आणि काडीला किंचित वाकवलेले पोस्टकार्ड. गाडीचे तोंड पंख्याच्या दिशेपासून साधारण साठ अंशांवर ठेवतो. पोस्टकार्ड असे फिरवतो की ते गाडीची दिशा आणि वाऱ्याची दिशा यांच्या बरोबर मध्ये येईल. पंखा सुरू करतो.

(येथे वक्त्यांनी प्रयोग करून दाखवला.)

गाडी तिरकी गेली, पण टेबलाच्या या कडेपासून पंख्याच्या जवळ आली. पहिल्या रांगेतल्या मुलांनी अंतर मोजावे. इथे किलीचे काम चाके करतात. चाकांना पुढे जाणे सोपे आणि आडवे घसरणे अवघड. आता चाके काढून गाडीचा तळ काचेच्या गोट्यांवर ठेवतो, म्हणजे तिला सगळ्या दिशा सारख्याच सोप्या होतील. पोस्टकार्ड तेच, कोन तोच, पंखा तोच. गाडी पंख्यापासून दूर निघून गेली. शीड बदललेले नाही. फक्त आडवा विरोध काढून घेतला.

इतके झाले तरी एक मर्यादा राहते. नाळ थेट वाऱ्याकडे केली, तर शीड कोरड्या धोतरासारखे नुसते फडफडेल असे म्हणण्याचा मोह होतो, पण कारण सांगणे बरे: वाऱ्याच्या काटकोनातली ओढ तेव्हा पूर्णपणे आडवी असते, पुढचा घटक शून्य होतो, आणि हवेचा अडथळा होडीला मागे नेतो. म्हणून वाऱ्याच्या दोन्ही अंगांना साधारण चाळीस-पंचेचाळीस अंशांचा पट्टा होडीला बंद असतो. त्या पट्ट्यातल्या ठिकाणी जायचे, तर नागमोडी जावे लागते. एका कुशीवर तिरके जायचे, मग नाळ वाऱ्यातून फिरवून कूस पालटायची आणि दुसऱ्या अंगाने तिरके जायचे.

या नागमोडीची किंमत कोनावर ठरते. प्रत्यक्ष वाट वाऱ्यापासून ४५ अंशांवर असेल, तर एक किलोमीटर पुढे सरकायला १.४ किलोमीटर चालावे लागते. ६० अंशांवर ते दोन किलोमीटर होते, ७० वर जवळजवळ तीन. आणि ८५ अंशांवर साडेअकरा. पंधरा अंशांच्या फरकाने तीनाचे साडेअकरा होतात, हा आकडा लक्षात ठेवा. जहाजांचा इतिहास वाचताना तो फार कामाला येतो.

आपल्याला इथून अजिंठा काही तासांच्या वाटेवर आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक जहाज रंगवलेले आहे, तीन डोलकाठ्यांचे, उंच चौकोनी शिडांचे. त्या चित्राच्या आधारे भारतीय नौदलासाठी अलीकडे खरे जहाज बांधले गेले, ‘कौंडिण्य’ नावाचे. गोव्यातल्या होडी इनोव्हेशन्सने ते बांधले, केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून. मद्रासच्या आयआयटीत त्याच्या घाटाच्या चाचण्या झाल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून मस्कतच्या दिशेने निघाले. इंजिन नाही, खोल कील नाही, दिशा द्यायला मागच्या बाजूला मोठी वल्ही.

निघण्याच्या त्या तारखेत भौतिकशास्त्र आहे. चौकोनी शीड वाऱ्याला सत्तर अंशांच्या आत फारसे घेता येत नाही. त्याची पुढची कड ताठ राहत नाही. खाली कील नाही म्हणून जहाज पंधरा अंश तरी घसरायचे. सत्तर आणि पंधरा मिळून पंच्याऐंशी. एक किलोमीटरसाठी साडेअकरा किलोमीटर चालणे म्हणजे व्यवहारात जागेवर उभे राहणे. डिसेंबरात अरबी समुद्रावर वारा ईशान्येचा असतो आणि मस्कत पोरबंदरच्या पश्चिम-वायव्येला आहे. असे जहाज त्याच दिवसांत काढायचे असते. प्राचीन काळचा आपला पश्चिमेकडचा सगळा व्यापार या वेळापत्रकावर उभा होता: जाताना ईशान्येचा वारा, येताना नैर्ऋत्येचा, आणि मधले महिने परक्या बंदरात. त्या खलाशांना वाऱ्याविरुद्ध जाण्याचे तंत्र पुरते साधलेले नव्हते, म्हणून त्यांनी वाऱ्याचे पंचांग साधले. मला या दुसऱ्या ज्ञानाविषयी पहिल्याइतकाच आदर आहे.

कोकण किनाऱ्यावर तर पंचांग महिन्यांचे नव्हते, पहिल्या आणि तिसऱ्या प्रहराचे होते. मतलई वारे आणि खारे वारे आपण भूगोलात पाठ केले. रात्री जमीन निवते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो. दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून खारा वारा येतो, हिवाळ्या-उन्हाळ्यात बहुतेक वायव्येकडून. आता रत्नागिरीहून मुंबईला, म्हणजे उत्तरेला जाणाऱ्या पडावाचा विचार करा. दुपारचा वारा त्याच्या जवळजवळ समोरून. पण पहाटेचा मतलई उजव्या अंगाने, आडवा, शिडाला सर्वांत सोयीचा. म्हणून उत्तरेचे अंतर पहाटे कापायचे, दुपारी तिरके घेत मिळेल तेवढे जोडायचे नाही तर खाडीत नांगर टाकायचा. दक्षिणेला जाणाऱ्याचे सोपे. शिवछत्रपती फेब्रुवारी १६६५ मध्ये बसरूरच्या मोहिमेला समुद्रमार्गे दक्षिणेला गेले, तेव्हा त्या ऋतूचा वायव्य वारा आरमाराच्या पाठीशी होता.

कोकणातल्या नावांचे शीड चौकोनी नव्हते. लांब तिरकी काठी डोलकाठीला बांधायची आणि तिच्यावर तिकोनी घाटाचे शीड ताणायचे. पुढची कड त्या काठीने ताठ धरलेली असते, म्हणून हे शीड वाऱ्याच्या जास्त जवळ जाते. त्याची किंमत कूस पालटताना द्यावी लागते. काठी डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला नेण्यासाठी सगळे हात लागतात. तोल राखायला तळाशी दगडांचे नीरम भरलेले असते.

आंग्र्यांच्या आरमाराकडे या नजरेने पाहिले की बऱ्याच गोष्टी उलगडतात. अठराव्या शतकातल्या रॉबर्ट ओर्म या इंग्रज इतिहासकाराने गुराब आणि गलबत यांचे वर्णन केले आहे. गुराब दीडशे ते तीनशे टनांचे, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, लांबीच्या मानाने रुंद आणि पाण्यात फार कमी उतरणारे. गलबत सहसा सत्तर टनांच्या आत, त्याला चाळीस-पन्नास वल्ही. कमी उतरणारे जहाज म्हणजे पाण्याखाली आडवा विरोध कमी, म्हणजे घसरण जास्त. मोकळ्या समुद्रात, भर वाऱ्यात गुराब इंग्रजांच्या मोठ्या जहाजापुढे वाऱ्यावर चढून गेले असते असे मला वाटत नाही, आणि अभिमानापोटी तसे म्हणूही नये. त्यांनी तसे लढायचेच नाही असे ठरवले होते, यात त्यांचे शहाणपण होते.

शिडाची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने बदलते. वारा निम्मा झाला की ओढ चौथाईवर येते. पहाटेचा मतलई संपतो आणि खारा वारा अजून उठलेला नसतो, त्या दोन तासांत खोल तळाचे, जड, चौकोनी शिडांचे जहाज सुकाणूलाही दाद देत नाही, कारण पाणी वाहिल्याशिवाय सुकाणूला बल नाही. वल्ह्यांना मात्र वारा लागत नाही. गलबते गुराबांना दोर लावून ओढत नेत आणि शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीवर, जिथे तोफा थोड्या, तिथे आणून उभी करत. हे ओर्मने नोंदवले आहे. वारा उठला की उथळ तळाची नाव खाडीत शिरायची. मोठे जहाज तिच्या मागे आले तर वाळूत रुतायचे. जी उथळ बांधणी वाऱ्याविरुद्ध जाताना तोट्याची, तीच खाडीच्या तोंडाशी संरक्षण झाली. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आंग्र्यांच्या कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. १७२९ मध्ये कान्होजी आंग्रे गेले. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाला आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा ते बंदरात नांगरलेले होते. आपण या लढायांमधले शौर्य मुलांना सांगतो. ज्या सुतारांनी कोणत्या पाण्यासाठी किती खोल तळ ठेवायचा हे ठरवले, त्यांच्याविषयी पाठ्यपुस्तकात एक ओळ नसते. ही उणीव मला मनापासून खुपते.

आता आपल्या काळात येऊ. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. शिडाच्या होडीतून एकट्याने हे करणारे ते पहिले भारतीय. छप्पन फुटांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. ऑगस्टात मुंबईच्या समुद्रावर नैर्ऋत्येचा मोसमी वारा असतो आणि दोंदे यांना आधी जायचे होते दक्षिणेला. म्हणजे पहिल्याच टप्प्यात वारा उजव्या अंगाने, पुढच्या बाजूने, आणि होडी सतत एका कुशीवर कललेली. ‘कौंडिण्य’सारख्या जहाजाला त्या महिन्यात बंदराबाहेर पडणे दुरापास्त झाले असते. ‘म्हादेई’ची ताठ तिकोनी शिडे आणि तळाची खोल, जड कील यांच्यामुळे ते शक्य झाले. पण इतकी क्षमता हाताशी असूनही त्यांनी प्रदक्षिणा पश्चिमेकडून पूर्वेकडे केली, कारण दक्षिणेच्या महासागरात पश्चिमेचे वारे वाहतात आणि तिथे महिनोन्महिने त्यांच्याविरुद्ध जाण्यात अर्थ नाही. २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘तारिणी’ या होडीवरून गेलेल्या सहा महिला अधिकारीही त्याच दिशेने गेल्या. वाऱ्याविरुद्ध जाता येणे आणि जावे लागणे या दोन गोष्टी खलाशी कधी एक करत नाहीत.

मूळ प्रश्नाचा एक धागा अजून बाकी आहे. ही ऊर्जा येते कुठून? वाऱ्याकडून, असे आपण चटकन म्हणतो. पण फुग्यात बसून वाऱ्याबरोबर चाललेल्या माणसाला शीड देऊन पाहा. त्याचा काही उपयोग नाही. फुगा हवेबरोबर हवेच्याच वेगाने चाललेला असतो, त्याला वारा लागतच नाही. उलट हवा अगदी स्थिर असेल आणि नदी वाहत असेल, तर त्या नदीतली होडी शीड उभारून प्रवाहाच्या आडवी जाऊ शकते. म्हणजे ऊर्जा एकट्या वाऱ्यात नाही, एकट्या पाण्यातही नाही. ती दोघांच्या वेगातल्या फरकात आहे. होडी एक हात वर आणि एक हात खाली ठेवून त्या फरकावर जगते. पाण्याचा विरोध आपण अडथळा समजत होतो, तो नसता तर होडीला टेकायला काहीच नव्हते.

आपल्या जिल्ह्यात, पारनेर तालुक्यात सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत. त्यांच्याकडे आता निराळ्या नजरेने पाहता येईल. वारा समोरून येतो आणि पाती त्याला आडवी फिरतात. पात्याचे टोक वाऱ्याच्या सहा-सात पट वेगाने जाते. ते ढकलले जात नसून शिडासारखे ओढले जाते आहे, आणि किलीची जागा त्या उंच खांबाने घेतली आहे, जमिनीत रोवलेल्या. खांबाला चाके लावली तर? अमेरिकेत ‘ब्लॅकबर्ड’ नावाची गाडी बांधून हा प्रश्न विचारला गेला. पवनचक्कीचा दांडा गाडीच्या चाकांना जोडलेला. २०१२ मध्ये ती थेट वाऱ्याच्या तोंडावर, जराही तिरकी न जाता, वाऱ्याच्या दुपटीच्या वेगाने गेली.

अशीच होडीही बांधता येते आणि बांधून चालवलेली आहे: वर पवनचक्की, खाली पाण्यात पंखा, मध्ये दांडा. ती कूस न पालटता सरळ वाऱ्याकडे जाते. चक्कीवर वारा जे बल मागच्या दिशेने लावतो, पाण्यातल्या पंख्याला पुढच्या दिशेने त्याहून थोडे जास्त लावावे लागते. पण चक्कीवरून हवा जाते ती वारा अधिक होडी इतक्या वेगाने, आणि पंख्याला पाणी कापावे लागते ते फक्त होडीच्या वेगाने. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. वर मोठ्या वेगाने घेतलेली शक्ती खाली लहान वेगाला द्यायची, तर बल वाढूनच मिळते, आणि घर्षणात गेलेला वाटा वजा करूनही होडीला पुढे नेण्याइतके शिल्लक राहते.